फिल्टर बदलता येणारा अर्धमुख मास्क: कार्यशाळेतील दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

दगडाचे कापकाम, धातूचे घासकाम, वेल्डिंग आणि रंगफवारणी ही सगळी कामे एकाच छताखाली चालणाऱ्या कार्यशाळेत कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे. पूर्वी आमच्याकडे एकदा वापरून टाकून द्यायचे, वाटीच्या आकाराचे मास्क असत. त्यांच्या जागी आम्ही सिलिकोनचे मुखावरण असलेला आणि दोन्ही गालांच्या बाजूंना फिल्टर बसवता येणारा अर्धमुख मास्क आणला आणि तो सर्व प्रकारच्या कामांत, वेगवेगळ्या ठेवणीच्या चेहऱ्यांवर, पुरेसा काळ वापरून पाहिला. या मास्कांची रचना बहुतेक उत्पादकांकडे थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून येथे एखाद्या नाममुद्रेविषयी न लिहिता त्या प्रकाराविषयी लिहिले आहे. माझे मत आधीच सांगून ठेवतो. वस्तू चांगली आहे आणि धुळीत काम करणाऱ्या प्रत्येकाला मी तिची शिफारस करीन. मात्र पेटीवर छापलेले संरक्षण हाती यायचे असेल, तर मास्कइतकेच लक्ष तो वापरण्याच्या पद्धतीकडेही द्यावे लागते आणि ती पद्धत कार्यशाळेनेच बसवावी लागते.

हा खटाटोप कशासाठी, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. दगड, काँक्रीट आणि विटा कापताना जी धूळ उडते तिच्यात स्फटिकरूप सिलिका असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे जाणाऱ्या सिलिकाला, आणि त्याआधी १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला, माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. वेल्डिंगच्या धुराचा समावेश त्याच गटात २०१७ मध्ये झाला. सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा करणारे औषध नाही, धुळीचे काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो आणि क्षयरोगाचा धोकाही वाढवतो. यात सर्वांत फसवी गोष्ट अशी की, जी धूळ उन्हाच्या तिरिपेत डोळ्यांना दिसते तिचा मोठा भाग नाकात आणि घशातच अडकतो. फुप्फुसांच्या तळापर्यंत पोहोचणारे कण साधारण ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे किंवा त्याहून लहान असतात आणि ते हवेत तासन्‌तास तरंगत राहतात. म्हणून ‘आज धूळ फारशी दिसत नाही’ या वाक्यावर मास्क काढण्याचा निर्णय कधीही घेऊ नये.

मास्कची घडण साधी आहे. नाक, तोंड आणि हनुवटी झाकणारे मऊ मुखावरण, डोक्यावर बसणारी पट्ट्यांची चौकट, मानेमागे अडकवायचा पट्टा, श्वास आत घेण्यासाठी दोन पातळ झडपा आणि उच्छ्वास बाहेर सोडण्यासाठी समोर एक झडप. फिल्टर खाचेत बसवून किंचित फिरवला की पक्का होतो आणि योग्य जागी आल्यावर टक असा आवाज येतो. हातमोजे घातलेले असतानाही हे करता येते, ही गोष्ट कामाच्या गडबडीत फार उपयोगी पडते. सिलिकोनचे मुखावरण स्वस्त रबरापेक्षा त्वचेला सौम्य वाटते, घामाने कडक होत नाही आणि अनेकदा धुतल्यावरही आपला आकार सोडत नाही. मानेचा पट्टा सोडल्यावर मास्क छातीवर लोंबकळत राहतो, तो काढून कुठेतरी ठेवावा लागत नाही. ही सोय मला सुरुवातीला आवडली होती, परंतु तिची दुसरी बाजू पुढे येईलच.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे मास्क चेहऱ्यावर कसा बसतो. विकत घेणारा माणूस बहुधा फिल्टरची श्रेणी पाहतो आणि सर्वांत वरची श्रेणी घेतली की निश्चिंत होतो. युरोपीय मानकांनुसार कणांच्या फिल्टरच्या तीन श्रेणी आहेत: पी १ मधून चाचणीच्या कणांपैकी जास्तीत जास्त २० टक्के पलीकडे जाऊ शकतात, पी २ मधून ६ टक्के आणि पी ३ मधून अवघे ०.०५ टक्के. म्हणजे पी ३ फिल्टरच्या कापडातून जवळजवळ काहीच आत येत नाही. पण अर्धमुख मास्कच्या मानकात, म्हणजे ईएन १४० मध्ये, चेहऱ्याच्या कडेने होणारी गळती मोजताना बहुतेक वेळा ती ५ टक्क्यांच्या आत आणि बहुतेक माणसांच्या बाबतीत सरासरीने २ टक्क्यांच्या आत असावी, एवढीच अट आहे, आणि तीही प्रयोगशाळेत, नीट मास्क लावलेल्या माणसांवर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. कडेने ५ टक्के हवा गळत असेल, तर ती फिल्टरमधून झिरपणाऱ्या धुळीच्या शंभर पट धूळ आत आणते. पी २ ऐवजी पी ३ घेण्यासाठी आपण जेवढा विचार करतो, त्याच्या कितीतरी पट विचार हनुवटीखालची कड आणि नाकाचा कणा यांचा करायला हवा.

आमच्या अनुभवात याच ठिकाणी उत्पादकाकडून आणि विक्रेत्याकडून सर्वांत मोठी उणीव राहिली. मास्क लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत बनतो, परंतु मागणी नोंदवताना मापाविषयी कोणीही विचारले नाही आणि सगळे मास्क मध्यम मापाचे आले. निमुळत्या चेहऱ्याच्या सहकाऱ्यांच्या, विशेषतः महिला सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर ते गालांपाशी सैल बसत होते. पट्टे कितीही आवळले तरी कड टेकत नव्हती, उलट आवळल्यामुळे मुखावरण नाकापाशी वाकून नवीच फट तयार होत होती. लहान माप स्वतंत्रपणे मागवावे लागले आणि ते येण्यास बराच वेळ गेला. ज्या वस्तूचे सारे काम मापावर अवलंबून आहे, तिच्या विक्रीत माप हा पहिला प्रश्न असायला हवा, हे मी आग्रहाने नोंदवतो. कोणत्याही कार्यशाळेने मास्क घेण्यापूर्वी तिन्ही मापांचे नमुने मागवावेत आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर ते बसवून पाहूनच मागणीचा आकडा ठरवावा.

बसवून पाहणे म्हणजे आरशात पाहणे नव्हे. त्यासाठी फिट टेस्ट नावाची ठरलेली चाचणी आहे आणि ती फार अवघडही नाही. माणसाने मास्क लावायचा, डोक्यावर एक पारदर्शक टोपडे घालायचे आणि त्या टोपड्यात सॅकरिनच्या गोड किंवा डिनाटोनियम बेंझोएटच्या अत्यंत कडू द्रावणाचा फवारा सोडायचा. मास्क न लावता ती चव माणसाला जाणवते की नाही, हे आधी तपासून घ्यायचे. मग मास्क लावून सामान्य श्वास, दीर्घ श्वास, मान डावी-उजवीकडे वळवणे, वर-खाली करणे, मोठ्याने बोलणे, कमरेत वाकणे अशा हालचाली क्रमाने करायच्या. या दरम्यान जिभेला चव लागली की मास्क गळतो आहे हे ठरले. अमेरिकेतील ओशा या कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या नियमांनुसार ही चाचणी पहिल्या वापरापूर्वी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते, शिवाय वजनात मोठा फरक पडला, दात काढले किंवा कवळी बसवली, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली, तर मध्येही करावी लागते. कायदा कुठे काय सांगतो हे बाजूला ठेवले तरी ही पद्धत सर्वत्र उचलण्यासारखी आहे. आमच्याकडे ही चाचणी झाल्यानंतर मास्कविषयीची कुरकुर लक्षणीय कमी झाली, कारण कडू चव स्वतःच्या जिभेवर लागल्यावर पट्टा नीट का लावायचा, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

फिट टेस्ट वर्षातून एकदा होते, पण कडेची तपासणी प्रत्येक वेळी मास्क लावताना करायची असते आणि या मास्कमध्ये ती सहज करता येते. समोरच्या झडपेवर तळहात ठेवून हलकेच श्वास सोडला की मुखावरण किंचित फुगले पाहिजे आणि कडेने हवा निसटता कामा नये. मग दोन्ही फिल्टरवर तळहात दाबून श्वास आत ओढला की ते चेहऱ्याकडे ओढले जाऊन तसेच राहिले पाहिजे. या दोन्हींना मिळून अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ लागतो. आम्ही घेतलेल्या नमुन्यात चपट्या गोल फिल्टरांवर तळहात बरोबर बसतो. याच मुखावरणाला लावता येणाऱ्या उंच कार्ट्रिजवर, म्हणजे वायू आणि वाफा अडवणाऱ्या डब्यांवर, मात्र तळहाताने पूर्ण झाकण होत नाही आणि श्वास ओढण्याची तपासणी अर्धवट राहते. काही उत्पादकांनी कार्ट्रिजवर दाबताच हवा बंद करणारी कळ दिली आहे. नव्याने खरेदी करणाऱ्यांनी ही सोय मुद्दाम पाहावी.

दाढीचा प्रश्न नाजूक आहे, तरीही तो टाळता येत नाही. मास्कची कड जिथे त्वचेला टेकते तिथे केस असतील, अगदी एक-दोन दिवसांची खुरटी दाढी असेल, तरी गळती वाढते. मिशी कडेच्या आत मावत असेल आणि झडपेत अडकत नसेल तर चालते. ज्यांना श्रद्धेमुळे किंवा त्वचेच्या त्रासामुळे दाढी ठेवावी लागते त्यांच्यासाठी हा मास्क योग्य नाही, आणि अशा सहकाऱ्यांना हाच मास्क देऊन कागदावर सही घेणे ही त्यांची फसवणूक आहे. त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणाऱ्या पंख्याने गाळलेली हवा सैल टोपात सोडणारे साधन मिळते. ते महाग आणि जड असते, पण चेहऱ्याच्या कडेवर अवलंबून नसते. चष्मा आणि गॉगल यांच्या बाबतीत हा मास्क बऱ्यापैकी समजूतदार आहे. नाकापाशी त्याची उंची कमी असल्याने गॉगलची खालची कड त्यावर चढत नाही, आणि उच्छ्वास समोरच्या झडपेतून खाली जात असल्याने काचा फारशा धूसर होत नाहीत. वेल्डिंगच्या मुखढालीखाली चपटे फिल्टर मावतात, मात्र ठिणग्यांनी त्यांच्या कापडाला भोके पडू शकतात, म्हणून त्यावर मिळणारे आवरण वेल्डरसाठी वेगळे मागवावे लागते. ते पेटीत नसते.

फिल्टरविषयी आणखी एक गैरसमज आमच्याकडे होता. मास्कचे कापड चाळणीसारखे काम करते, म्हणून जितका कण लहान तितका तो सहज पार होतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मोठे कण स्वतःच्या वेगाने तंतूंवर आदळतात, अतिशय लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सैरभैर भटकत तंतूंना चिकटतात आणि सर्वांत अवघड ठरतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण. म्हणूनच फिल्टरची परीक्षा त्याच आकाराच्या कणांवर घेतली जाते. पुष्कळ फिल्टरांच्या तंतूंवर विद्युतभारही दिलेला असतो आणि तोही कणांना ओढून धरतो. हे समजले की फिल्टर का धुवायचा नाही, हे आपोआप कळते. पाण्याने, स्पिरिटने किंवा दाबाच्या हवेने साफ केलेला फिल्टर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण त्यातला विद्युतभार उतरलेला किंवा कापड फाटलेले असू शकते. धुळीचा फिल्टर बदलण्याची वेळ श्वासच सांगतो: धूळ साठत गेली की श्वास घेणे जड होत जाते, आणि तसे जाणवले, किंवा फिल्टर ओला झाला, चिरला, काळाकुट्ट झाला, की तो टाकून नवा लावायचा.

रंगफवारणीच्या विभागात मात्र श्वासावर विसंबून चालत नाही. द्रावकांच्या वाफा कणांच्या फिल्टरने अडत नाहीत. त्यांना सक्रिय कोळशाचे कार्ट्रिज लागते आणि तो कोळसा भरून गेला तरी श्वास जड होत नाही, वाफ गुपचूप आत येऊ लागते. वास आल्यावर कार्ट्रिज बदलू, हा नेम धोकादायक आहे, कारण काही रसायनांचा वास घातक प्रमाण ओलांडल्यानंतरच येतो आणि काही वासांची नाकाला सवय होते. त्यामुळे रसायन, त्याचे हवेतील प्रमाण, कामाचे तास आणि दमटपणा विचारात घेऊन कार्ट्रिज कधी बदलायचे, याचे वेळापत्रक आधीच ठरवावे लागते, आणि कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख लिहावी लागते. काम संपल्यावर ते हवाबंद पिशवीत ठेवायचे, कारण मोकळ्यावर ठेवलेला कोळसा रात्रभर खोलीतील वाफा आणि ओलावा शोषतच राहतो. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगात असलेल्या आयसोसायनेटमुळे दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो आणि त्याच्या वासाची सूचना मिळत नाही. अशा फवारणीसाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे साधनच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि आमच्याकडे त्या कामातून हा मास्क पूर्णपणे काढून टाकला आहे.

कार्ट्रिजच्या रंगांबाबत खरेदी विभागाने विशेष काळजी घ्यावी. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय वाफांसाठी तपकिरी, क्लोरीनसारख्या असेंद्रिय वायूंसाठी राखाडी, सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्ल वायूंसाठी पिवळा, अमोनियासाठी हिरवा आणि कणांसाठी पांढरा पट्टा असतो. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफांसाठी काळा, आम्ल वायूंसाठी पांढरा, या दोन्हींसाठी एकत्र पिवळा आणि सर्वांत वरच्या श्रेणीच्या कणफिल्टरसाठी जांभळट रंग वापरतात. म्हणजे पांढऱ्या पट्ट्याचा अर्थ एका पद्धतीत धूळ, तर दुसऱ्या पद्धतीत आम्ल वायू असा होतो. एकाच कपाटात दोन्ही पद्धतींचा माल ठेवलेला असेल, तर केवळ रंग पाहून कार्ट्रिज उचलणारा माणूस आपल्याला संरक्षण आहे असे समजून उघड्या नाकानेच काम करत राहील. आमच्या पेटीतील माहितीपत्रकात या फरकाचा उल्लेखही नव्हता.

या मास्कने जे अजिबात होत नाही तेही येथेच लिहितो. तो हवा गाळतो, हवा निर्माण करत नाही. टाकी, विहीर, भुयारी गटार अशा बंदिस्त जागेत प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला असेल, तर जगातला कोणताही फिल्टर उपयोगाचा नाही. कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजमध्ये अडकत नाही, म्हणून बंद जागेत इंजिन चालू ठेवून हा मास्क लावणे म्हणजे उघड उघड जीव धोक्यात घालणे आहे. ‘मास्क आहे ना’ या भरवशावर कोणी टाकीत उतरत असेल, तर त्याला तिथेच थांबवणे हे प्रत्येक सहकाऱ्याचे कर्तव्य आहे, मग तो हुद्द्याने कितीही मोठा असो.

वापरातील सुखसोयींबद्दल माझे मत मिश्र आहे. एकदा वापरून टाकायच्या मास्कपेक्षा यातून श्वास घेणे सोपे जाते, कारण दोन फिल्टरांचे क्षेत्रफळ मोठे असते आणि उच्छ्वासाची गरम हवा झडपेतून लगेच बाहेर पडते. तरीही उष्ण हवेत, अंगमेहनतीच्या कामात, मुखावरणाच्या आत घाम साचतो, नाकाच्या कण्यावर वळ उठतात आणि श्वासाला थोडा जोर लागतोच. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी डॉक्टरांच्या तपासणीशिवाय तो वापरू नये. ही तपासणी करून घेणे मालकाचे काम आहे आणि एखाद्याला मास्क मानवत नसेल तर त्याला दुसरे काम द्यावे, त्याचे काम काढून घेऊ नये. दुसरी अडचण बोलण्याची. आमच्या नमुन्यात आवाज बाहेर पोहोचवणारा पडदा नाही. यंत्रांच्या गोंगाटात समोरच्याला ऐकू जावे म्हणून माणूस नकळत मास्क बोटाने पुढे ओढतो आणि बोलून झाल्यावर पुन्हा सोडतो. मानेच्या पट्ट्यावर मास्क लोंबकळत ठेवण्याची जी सोय मी वर सांगितली, तीही याच सवयीला खतपाणी घालते; शिवाय लोंबकळणाऱ्या मास्कच्या आतल्या बाजूला कपड्यांवरची धूळ लागते आणि पुढच्या वेळी तीच थेट नाकाशी येते.

क्षणभर मास्क ओढल्याने काय बिघडते, असे वाटत असेल तर साधे गणित करून पाहावे. ब्रिटनमध्ये पी ३ फिल्टर लावलेल्या अर्धमुख मास्कला २० हा संरक्षणांक देतात, म्हणजे बाहेर जेवढी धूळ आहे तिचा विसावा हिस्सा आत येईल असे गृहीत धरतात. अमेरिकेत अर्धमुख मास्कसाठी हाच अंक १० धरतात. आपण २० हाच मोठा अंक घेऊ. आठ तासांच्या कामात मास्क सलग चेहऱ्यावर राहिला तर माणसाला धुळीचा विसावा हिस्सा मिळतो. पण धूळ तेवढीच असताना त्याच आठ तासांत थोडा-थोडा करून मिळून अर्धा तास मास्क उतरला, तर संरक्षण २० वरून जवळपास ९ वर येते. अर्धा तास म्हणजे दिवसाचा केवळ सोळावा भाग, आणि त्याने निम्म्याहून अधिक संरक्षण गेलेले असते. फिल्टर कितीही उंची असला तरी ही तूट तो भरून काढू शकत नाही. म्हणून आम्ही धुळीच्या विभागात बोलण्यासाठी हाताच्या खुणा ठरवल्या, पाणी पिण्याची आणि मास्क काढण्याची जागा विभागाच्या दाराबाहेर ठेवली आणि उष्ण दिवसांत विश्रांतीच्या वेळा वाढवल्या. शेवटचा उपाय उत्पादन कमी होईल या भीतीने काही जणांना पटला नव्हता, परंतु माणसाला श्वास घ्यायला आणि घाम पुसायला अधिकृत वेळ दिला नाही, तर तो वेळ तो धुळीतच काढणार, हे उघड आहे.

स्वच्छतेचे काम कंटाळवाणे आहे, पण या मास्कची घडण त्यासाठी अनुकूल आहे. फिल्टर काढायचे, झडपा आणि पट्टे सुटे करायचे, मुखावरण ४३ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम नसलेल्या पाण्यात सौम्य साबणाने मऊ ब्रशने घासायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे आणि निर्जंतुक करायचे असेल तर लिटरभर पाण्यात साधारण १ मिलिलिटर घरगुती ब्लीच टाकून त्यात दोन मिनिटे बुडवून पुन्हा नीट खळबळून घ्यायचे. साबण किंवा ब्लीच राहून गेले तर त्वचेला पुरळ येते आणि रबर खराब होते. सावलीत वाळवावे, उन्हात किंवा यंत्राच्या गरम झाकणावर ठेवू नये. उच्छ्वासाची झडप हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्या पातळ चकतीखाली धुळीचा एक खडा किंवा केस अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही आणि प्रत्येक श्वासाला न गाळलेली हवा आत येते. धुताना ती चकती बोटाने उचलून, खालची बैठक पुसून, ती सपाट मिटते आहे याची खात्री करावी. प्रत्येकाचा मास्क त्याच्या नावाचा, त्याच्या नावाच्या डब्यात आणि डब्यात मुखावरण दाबले जाणार नाही असा ठेवावा. सामायिक मास्कची पद्धत आम्ही पहिल्यापासूनच नाकारली.

आणि तरीही, मास्क हा धुळीवरचा शेवटचा उपाय आहे, हे मला येथे ठामपणे लिहायचे आहे. कामाच्या ठिकाणच्या धोक्यांवर उपाय करण्याचा सर्वमान्य क्रम असा आहे: आधी धोका मुळातून टाळता येतो का ते पाहायचे, नाहीतर घातक पदार्थाऐवजी कमी घातक पदार्थ वापरायचा, मग यंत्रावरच बंदोबस्त करायचा, त्यानंतर कामाच्या पद्धती आणि वेळा बदलायच्या आणि हे सगळे करून जे उरते त्यासाठी मास्क. कृत्रिम दगडाच्या फरशीत सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते, तर संगमरवरात ते अगदी थोडे असते. सामग्री बदलण्याने जे साधते ते कोणत्याही फिल्टरने साधणार नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. पात्यावर पाण्याची धार सोडून कापकाम केले की धूळ उडण्याआधीच बसते, ग्राइंडरला धूळ ओढणारे आवरण आणि व्हॅक्यूम जोडता येतो. नवा मास्क आल्यावर मात्र पाण्याची धार बंद ठेवून कोरडे कापकाम करण्याचा मोह होतो, कारण चिखल होत नाही. आमच्याकडेही ही मागणी झाली आणि ती मान्य केली नाही. झाडू मारणे आणि कपड्यांवर दाबाची हवा मारणे हेही बंद केले, कारण बसलेली धूळ पुन्हा उडवून मग तिच्यापासून संरक्षण शोधणे निरर्थक आहे. जागा ओल्या पुसण्याने किंवा बारीक कण अडवणाऱ्या व्हॅक्यूमने साफ करावी, आणि धुळीचे कपडे घरी नेऊ नयेत, कारण ते झटकणाऱ्या घरच्या माणसांना कोणी मास्क दिलेला नसतो.

टिकाऊपणाच्या बाबतीत मुखावरणाने निराश केले नाही, परंतु झडपांच्या चकत्या आणि डोक्याचे पट्टे त्याआधी थकतात. पट्ट्यातला ताण गेला की माणूस तो गाठ मारून आखूड करतो आणि एका बाजूची पकड बिघडते. म्हणून पट्टे सुटे मिळणे अत्यावश्यक आहे. ते मिळतात, पण नेहमीच्या विक्रेत्याकडे क्वचितच असतात आणि स्वतंत्रपणे मागवावे लागतात. दुसऱ्या उत्पादकाची झडप किंवा फिल्टर खाचेत बसतो आहे असे दिसले तरी लावू नये, कारण मास्क आणि फिल्टर यांची मान्यता एकत्रित असते आणि किंचित सैल बसलेल्या खाचेतील गळती डोळ्यांना दिसत नाही. माहितीपत्रक बारीक अक्षरांत, अनेक भाषांत छापलेले आहे, पण मास्क ज्याच्या हातात जातो त्याला समजेल असे एकही मोठे चित्र त्यात नाही. मास्क लावण्याचा क्रम, दोन्ही तपासण्या आणि झडप साफ करण्याची रीत आम्ही स्वतःच चित्रांसह लिहून धुण्याच्या टाकीवर आणि विभागाच्या दारावर लावली.

एकूण पाहता, दगड, धातू आणि लाकूड यांच्या धुळीत आणि वेल्डिंगच्या धुरात काम करणाऱ्यांसाठी सिलिकोनचे मुखावरण आणि पी ३ फिल्टर असलेला हा मास्क मी निःसंकोचपणे सुचवतो. साध्या द्रावकांच्या फवारणीसाठी योग्य कार्ट्रिजसह आणि बदलाच्या वेळापत्रकासह सुचवतो. आयसोसायनेटचे रंग, बंदिस्त जागा आणि दाढी ठेवणारे सहकारी यांच्यासाठी सुचवत नाही. घेताना मास्कच्या संख्येइतकेच फिल्टरचे जादा जोड, प्रत्येक मास्कमागे एक जादा उच्छ्वास-झडप आणि पट्ट्यांचा एक संच त्याच मागणीत घ्यावा, फिट टेस्टचे साहित्य घ्यावे किंवा ती करून देणाऱ्याशी वेळ ठरवावी, आणि लहान माप उपलब्ध नसल्याचे विक्रेत्याने सांगितले तर उरलेली मागणीही त्याच्याकडे नोंदवू नये.